लाल रेघ, पांढरी रेघ

मकरपुऱ्याला पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात जनार्दन गुप्ते तपासनीस होता. भाग समोर आला की ड्रॉइंग उघडायचं, माप घ्यायचं आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा, हे त्याचं काम. बावीस वर्षांत त्याने लाल शिक्का मारलेला एकही भाग कोणाच्या रदबदलीने हिरवा झाला नव्हता. ही सवय त्याच्याबरोबर घरीही येई. त्याच्या बायकोच्या, स्नेहलताच्या, पोळ्या गोल असतात पण एकसारख्या नसतात, हे त्याने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. त्यापुढे दोन दिवस त्याला पाव खावा लागला आणि तो विषय कायमचा मिटला.

असा हा माणूस रोज कारेलीबागेतून कामावर जाताना जी गाडी चालवी, तिच्यात धड एक माप बरोबर नव्हतं.

ती होती १९६८ सालची प्लिमथ बॅराकुडा. दोन दारं, लांबलचक नाक आणि नाकाच्या आत आठ सिलिंडरचं इंजिन. अमेरिकेत असल्या गाड्या तरुण पोरं शर्यती लावायला घेत म्हणे. खत कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरने ती बरोबर आणली होती आणि १९७४ साली परत जाताना ती जनार्दनच्या वडिलांच्या, वसंतरावांच्या, गळ्यात घातली. रंग बाटलीसारखा हिरवा, आणि अंगाने इतकी बुटकी नि लांब की सोसायटीत तिला सगळे मगर म्हणत. मगर बाहेर पडली की शेजारच्या बायका पोरांना शाळेच्या रिक्षात बसवायला निघत.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे पुढच्या बसला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते उजवीकडे बसलेल्यालाच दिसे. हे खातं स्नेहलताकडे होतं. मांजलपूरच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवी, रोज त्याच्याबरोबर निघे आणि वाटभर रस्त्याची बातमी देत राही. पेट्रोल पिऊन पिऊन गाडी घर खाईल म्हणून जनार्दनने गॅसचा किट बसवला होता. त्याची टाकी डिकीत गेली, म्हणून डिकीतली स्टेपनी मागच्या सीटवर आली, आणि वळणावर ती अंगावर येऊ नये म्हणून तिला पट्टा बांधला होता. लांबून बघणाऱ्याला वाटे, मागे कोणी जाडजूड काका बसले आहेत.

चाकांची कथा तर विचारूच नका. मूळची चाकं आणि टायर १९८० च्या सुमाराला संपली. तसली इथे मिळत नव्हती, तेव्हा वसंतरावांनी एका लेथवाल्याला गाठून भलत्याच गाडीच्या चाकांच्या डिस्कना नवी भोकं पाडून घेतली. चारपैकी तीन चाकं एका जातीची होती आणि चौथं मॅटाडोर टेम्पोचं. तरी गाडी चालत होती, आणि चालत्या गाडीला जनार्दन हात लावत नसे.

पण २०१४ च्या मार्चमध्ये एका सकाळी मांजलपुरात शिरता शिरता गाडी लंगडायला लागली. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरला कुशीत बटाटावड्याएवढा फुगवटा आलेला. स्नेहलताला रिक्षात बसवून त्याने गाडी हळूहळू तरसालीच्या रस्त्यावरच्या मानसिंगराव शिर्क्यांच्या टायरच्या दुकानात नेली.

मानसिंगराव म्हणजे अंगापिंडाने भरलेला, दिलदार माणूस. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द गुजराती असे आणि कोणत्याही अडचणीवर त्यांचं एकच उत्तर असे, चालशे, म्हणजे चालेल. त्यांच्या दोन माणसांनी नटाला पाना लावला. नट हलेना. पान्याला लांब पाइप जोडला, तरी हलेना. मग मानसिंगराव स्वतः चपला काढून त्या पाइपवर उभे राहिले. खाडकन आवाज झाला. नट सुटला म्हणून सगळ्यांना आनंद झाला, पण तो बोल्टासकट हातात आला होता. दुसऱ्या नटाचंही तेच झालं. तिसऱ्याच्या वेळी जनार्दनने त्यांना खाली उतरवलं आणि घरी वडिलांना फोन लावला.

वसंतराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि दिवसाचा बराचसा वेळ पुढच्या ओट्यावरच्या झोपाळ्यावर काढत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे आहेत. उजवीकडचे नेहमीसारखे, डावीकडचे उलटे. कंपनीनेच तसे केलेत, पळताना सैल पडू नयेत म्हणून."

हे आधी का नाही सांगितलं, असं जनार्दनने विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही," वसंतराव म्हणाले.

कारेलीबागेतल्या ज्या म्हाताऱ्या पंक्चरवाल्याला हे ठाऊक होतं, तो सहा महिन्यांपूर्वी दुकान आवरून गावी गेला होता. बावीस वर्षं माणसांना आटे शिकवणाऱ्या जनार्दनला आपल्याच गाडीचे आटे माहीत नव्हते. मानसिंगराव मात्र खूश झाले. आपण सगळा वेळ जीव खाऊन नट आवळत होतो, हे त्यांनी पुढचा महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगितलं.

आता चाकं बदलायची तर चारही बदलू, असं ठरलं. मानसिंगरावांनी लगेच आतून हलक्या मिश्रधातूचं एक मॅगव्हील आणलं. सतरा इंची, आरशासारखं चकचकीत, भोकं मोजून पाच. जनार्दनने खिशातून मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. तो त्याच्या खिशात दुसऱ्यांच्या खिशात कंगवा असतो तसा असे. गाडीच्या पाच बोल्टांचं वर्तुळ भरलं एकशे एक पूर्णांक सहा मिलिमीटर. चाकाच्या भोकांचं वर्तुळ होतं बरोबर शंभर.

"दीड मिलिमीटर, साहेब," मानसिंगराव म्हणाले. "चालशे."

जनार्दनला एकदम घाम फुटला. कारखान्यात त्याने याच्या शंभराव्या हिश्श्यासाठी माणसं रडवली होती. एव्हाना दुपार झाली होती आणि शाळा आटोपून स्नेहलता तिथे आली. तिने ते चाक गाडीच्या अंगाला टेकवून, चार पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली की धोतरावर पळायचे बूट घातल्यासारखं दिसतंय. मापात आणि दिसण्यात, दोन्हीकडे नापास झाल्यामुळे चाक आत गेलं. मॅटाडोरचा एक जुना टायर तात्पुरता चढवून, तीन नटांवर, जनार्दन घरी आला.

मग त्याने पक्कं केलं की गाडीला तिच्या काळातलीच चाकं घालायची. अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी तसलीच चाकं अजून नवी बनतात, हे त्याला संगणकावर शोधून कळलं. चौदा इंची, साध्या लोखंडाची, मधोमध वाटीएवढं चकचकीत झाकण. माप एकशे एक पूर्णांक सहा. ते वाचून त्याला गहिवरून आलं. तुटलेल्यांच्या जागी घालायला उलट्या आट्यांचे बोल्टही मिळत होते. अडलं ते टायरपाशी. त्या मापाचा, त्या घडणीचा टायर दोन प्रकारांत होता. एकाच्या कडेवर बोटभर रुंदीची लाल रेघ गोल फिरलेली, दुसऱ्याच्या कडेवर तशीच पांढरी. गाडी त्या वर्षी दोन्ही प्रकारांत विकली गेली होती. आपल्या गाडीला कोणती होती?

गाडी घरी आली तेव्हा जनार्दन चार वर्षांचा होता. त्याला फक्त मागच्या सीटचा वास आठवत होता. त्याने झोपाळ्यापाशी जाऊन वडिलांना विचारलं. वसंतरावांनी झोपाळाही न थांबवता सांगितलं, लाल.

एवढ्यावर भागलं असतं. पण तपासनिसाने दुसरं मत घ्यावं म्हणून त्याने मांजलपूरला शालिनीआत्यालाही फोन केला. आत्या वसंतरावांहून चौदा वर्षांनी लहान. पस्तीस वर्षं ग्रंथपाल होती, आणि कोणतं पुस्तक कोणत्या फळीवर होतं ते अजून सांगे. शिवाय १९७५ मध्ये, लग्नाच्या आधी, ती याच गाडीवर गाडी शिकली होती. तिने पलीकडून सांगितलं, पांढरी.

जनार्दनने ही गोष्ट वडिलांना सांगितली, ही त्याची चूक. वसंतराव म्हणाले की शालू तेव्हा समोरचा खांब बघत होती, चाकं कुठली बघते. जनार्दनने हेही आत्याला सांगितलं, ही त्याहून मोठी चूक. आत्या म्हणाली, चाक पंक्चर झालं की दादा सावलीत उभा राहायचा आणि बदलायचे मी, तेव्हा नाक त्या रेघेपासून वीतभर असायचं. बहीणभाऊ दर रविवारी अर्धा तास फोनवर बोलत. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा वसंतरावांनी जनार्दनला खूण केली, की तू बोल. तिकडून आत्यानेही आपल्या यजमानांच्या हातात फोन दिला होता. भांडणाबाहेरचे ते दोघे पुरुष हवापाण्यावर बोलले आणि त्यांनी फोन ठेवला.

जनार्दनला एक ड्रॉइंग हवं होतं. एक कागद, ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल, हे असं होतं. त्याने घरातले सगळे जुने फोटो काढले. गाडीचे फोटो थोडेथोडके नव्हते. लोकांनी त्या काळात देवळापेक्षा त्या गाडीसमोर जास्त फोटो काढून घेतले होते. सत्तेचाळीस फोटो निघाले आणि सत्तेचाळिसांत एकही चाक दिसेना. चाकापुढे कोणी ना कोणी उभं होतंच. कुठे काकूंच्या नऊवारीचा घोळ, कुठे बसकण मारून बसलेला आतेभाऊ, कुठे पाण्याची घागर. एका फोटोत गाडी अख्खी मोकळी होती, तर नेमकी पुढच्या चाकाशी शेळी, आणि मागच्या चाकावर ज्याने फोटो काढला त्याचं बोट. जनार्दनने सगळे फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि भिंगातून एकेक तपासला. स्नेहलताने दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी तिने फोटोंवरच ताटं वाढली.

आणि मग एप्रिलमधल्या एका दुपारी शालिनीआत्या स्वतःच रिक्षा करून कारेलीबागेत आली. हातात एक पाकीट. ओट्यावर येऊन तिने भावाशी न बोलता पाकीट जनार्दनकडे दिलं. आत फोटो होता, तिच्या लग्नाच्या वरातीचा. गाडीला झेंडूच्या माळा, मागे बँडवाले, आणि मागचं चाक अख्खं, स्वच्छ, कोणीही पुढे नसलेलं.

जनार्दनने भिंग लावलं. रेघ होती. पण फोटो काळापांढरा. रेघ ना काळी ना पांढरी, राखेच्या रंगाची. लाल रंगही तसा येऊ शकला असता आणि धूळ बसलेला पांढराही. त्याने भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग लावलं. राखेचाच रंग. वसंतरावांनी फोटो हातात घेतला आणि म्हणाले, बघ, लाल. आत्या म्हणाली, आंधळ्यालाही दिसेल, पांढरी.

स्नेहलता चहा घेऊन आली. तिने फोटो हातात घेतला आणि विचारलं की चाकाच्या मधोमध हे काय आहे.

सगळे पुन्हा वाकले. चाकावर कंपनीचं झाकण नव्हतं. तिथे एक स्टीलची ताटली बसवलेली होती, काठाला वेलबुट्टी असलेली.

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. तिचा चेहरा बदलत गेला. तिच्या लग्नात मामांकडून सहा ताटल्यांचा संच आला होता आणि सासरी ट्रंक उघडल्यावर निघाल्या पाच. सहावी कुठे गेली ते कधीच कळलं नाही. वहिनीने ठेवून घेतली असणार, असं तिने तेव्हा धरलं आणि ते कायम मनात धरलं. वहिनी म्हणजे जनार्दनची आई लीला, जिला जाऊन आता आठ वर्षं झाली होती.

"दादा," आत्या म्हणाली, "ही माझी ताटली आहे."

वसंतरावांनी पायाने झोपाळा थांबवला. तो थांबलेला जनार्दनने क्वचितच पाहिला होता.

"ताटली मी घेतली," ते म्हणाले. "आदल्या दिवशी झाकण खड्ड्यात पडलं. वरातीला चाक बोडकं कसं न्यायचं? पण रेघ लालच होती."

"वहिनीला मी एकोणचाळीस वर्षं चोर समजले."

"तिला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, सांगून टाकतो. तर म्हणाली, नको, वरातीच्या गाडीला ताटली लावली हे कळलं तर सासरचे शालूला हसतील. समजू दे तिला काय समजायचं ते."

आत्याने चहा संपवला, पदराने डोळे टिपले आणि भावाच्या शेजारी झोपाळ्यावर जाऊन बसली. दोघांनी मिळून लीलावहिनीच्या चार आठवणी काढल्या. जनार्दनला वाटलं, चला, मिटलं. संध्याकाळी तो आत्याला रिक्षात बसवायला फाटकापर्यंत गेला. रिक्षा सुरू झाल्यावर आत्याने मान बाहेर काढून सांगितलं, रेघ पांढरी होती.

ज्याचा भरवसा धरला ते ड्रॉइंगच असं निघालं, तेव्हा जनार्दन हबकला. आठवडाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी स्नेहलताने गाडीत बसल्या बसल्या विषय काढला. समोरून ट्रक येत होता, म्हणून ती आधी थांब म्हणाली आणि मग तिने विचारलं, "गाडीच्या दोन्ही कुशी एकाच वेळी कोणी पाहिल्यात का?"

जनार्दनला अर्थ कळायला मांजलपूर यावं लागलं. तिचं म्हणणं असं की डावीकडे लाल रेघेचे टायर घाल आणि उजवीकडे पांढऱ्या रेघेचे. गाडी उलटी आत आणलीस की बाबांचा झोपाळा तिच्या डाव्या हाताला, त्यांना लाल दिसेल. आत्या नेहमी उजव्या दाराने गाडीत बसते, तिला पांढरी दिसेल. कंपनी एक, माप एक, घडण एक, फरक फक्त रंगाचा, म्हणजे गाडीला काही होणार नाही.

त्याने ते तिथल्या तिथे नाकारलं. चार दिवस तो मनातल्या मनात नाकारत राहिला. पाचव्या दिवशी, रविवारी, गाडी धुताना डाव्या चाकापाशी उकिडवा बसला असताना त्याच्या डोक्यात आलं की या गाडीच्या दोन बाजू मुळातच एकसारख्या नाहीत. डावीकडचे आटे उलटे, उजवीकडचे सुलटे, आणि ते कंपनीनेच केलेले. म्हणजे दोन बाजू वेगळ्या असणं हेच या गाडीचं ड्रॉइंग. हा विचार तितकासा टिकाऊ नव्हता हे त्यालाही समजत होतं, पण तो तपासायला गेला नाही. ओल्या हातांनीच घरात जाऊन त्याने चाकं, बोल्ट आणि दोन लाल, दोन पांढरे टायर मागवले.

माल यायला जून उजाडला. मानसिंगरावांनी चाकं चढवली, या खेपेला डावीकडचे नट डावीकडे फिरवत आणि दर नटाला आजूबाजूच्यांना बोलावून दाखवत. काम झाल्यावर त्यांनी गाडीला एक फेरी घातली, दुसरी घातली, आणि साहेब चुकून दोन जातींचे टायर आलेत असं दबक्या आवाजात सांगितलं. जनार्दन म्हणाला, तसेच मागवलेत. मानसिंगरावांनी तिसरी फेरी घातली. पण गाडी सुरेख दिसत होती. हिरव्या अंगाखाली त्याच हिरव्या रंगात रंगवून घेतलेली चाकं, मधोमध चकचकीत वाट्या, आणि कुठल्याही एका बाजूने पाहिलं तर कोणी नाव ठेवलं नसतं.

तेव्हापासून जनार्दनच्या आयुष्यात दिशा आल्या. पूर्वी तो संध्याकाळी गाडी नाक पुढे करून आत घाली. आता डावी बाजू झोपाळ्याकडे यावी म्हणून रोज फाटकातून उलटी आणावी लागे, आणि त्या लांब नाकापायी समोरच्यांची तुळस दोनदा आडवी झाली. आत्याची सोसायटी सोपी होती. फाटकातून आत शिरलं की तिची इमारत उजव्या हाताला, आत्या जिना उतरून थेट उजव्या दाराशी. पहिल्या दिवशी तिने रेघेकडे बघून नुसती मान डोलावली. इकडे वसंतरावांनीही झोपाळ्यावरून पाहून हुं केलं. दोघांचे रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. प्रत्येक जण दुसऱ्याशी जरा जास्तच गोड बोलत होता. जिंकलेला माणूस बोलतो तसं.

चार महिने निभावलं. मग भाऊबीज आली.

आत्याला कारेलीबागेत आणायचं होतं. जनार्दनने कागदावर नकाशा काढला. गाडी फाटकाबाहेर रस्त्यावरच उभी करायची, उजवी बाजू घराकडे, आत्या उतरून सरळ आत जाईल, तोवर स्नेहलता बाबांना देवघरात गुंतवून ठेवील. सगळं मिनिटामिनिटाचं. पण त्या सकाळी फाटकाबाहेर मंडपाच्या सामानाचा टेम्पो उभा होता आणि पुढे सरकायला जागाच नव्हती. जनार्दनला गाडी आत घ्यावी लागली, नाक पुढे करून. म्हणजे झोपाळ्याकडे आली उजवी बाजू, पांढरी. आणि आत्या त्या दाराने उतरल्यावर मागच्या सीटवरची मिठाईची पिशवी घ्यायला गाडीला वळसा घालून डावीकडे गेली, कारण उजवीकडून ती स्टेपनीच्या पलीकडे होती.

जनार्दन स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. डावीकडे काचेबाहेर आत्या लाल रेघेपाशी वाकलेली. उजवीकडे झोपाळ्यावर वडील, काठी हनुवटीखाली, नजर पांढऱ्या रेघेवर. आत्याने मागच्या खिडकीतून हात घालून पिशवी घेतली आणि ती आत गेली. ओवाळणं झालं, बासुंदी झाली, वसंतरावांनी बहिणीला साडी दिली.

जेवणानंतर वसंतरावांनी जनार्दनला ओट्यावर बोलावलं. ते म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून बघतोय. तू कामावर जाताना गाडी वळवतोस ना, तेव्हा दुसरी बाजू दिसते. शालूला मात्र सांगू नकोस. तिला वाटतंय तिचं खरं झालं. वाटू दे."

जनार्दन मान हलवून आत आला, तर मागच्या खोलीच्या दारात आत्या उभी. तिने त्याला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. तिच्या गॅलरीतून फाटक दिसतं, आणि गाडी बाहेर पडताना डावी बाजू दाखवूनच बाहेर पडते. जूनपासून तिला ठाऊक होतं. दादाचं आता वय झालंय, त्याला दुखवून काय करायचंय, तू काही बोलू नकोस, असं तिने बजावलं.

तुळस दोनदा आडवी करून रोज संध्याकाळी उलट्या आणलेल्या गाडीचा विचार करत जनार्दन बराच वेळ मोरीत हात धूत राहिला. स्नेहलताला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला पाटावर बसावं लागलं.

त्यानंतर त्याने गाडी जशी येईल तशी लावायला सुरुवात केली. जानेवारीत तो तेल बघायला मानसिंगरावांकडे गाडी ठेवून कारखान्यात गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा ते दुकानाच्या दारातच वाट पाहत होते. टायर सारखे झिजावेत म्हणून त्यांनी, पैसे न घेता, चाकांची अदलाबदल करून टाकली होती. मागची दोन त्याच बाजूला पुढे आणली, पुढची दोन बाजू बदलून मागे घातली. शास्त्र तेच आहे. फक्त आता डावीकडे पुढे लाल आणि मागे पांढरी होती, आणि उजवीकडे पुढे पांढरी आणि मागे लाल.

जनार्दनने तोंड उघडलं. मानसिंगरावांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की ते त्याने पुन्हा मिटलं. उद्या पुन्हा येऊन सगळं पूर्ववत करून घेऊ, असं ठरवून त्याने घरी येऊन जुन्या सवयीने गाडी उलटीच लावली, डावी बाजू झोपाळ्याकडे. झोपाळ्यावरून वसंतरावांनी गाडी पुढून मागे आणि मागून पुढे अशी नीट न्याहाळली.

"पुढचं बरोबर आहे," ते म्हणाले, आणि झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अर्धी सुट्टी झाल्यावर जनार्दन आधी आत्याकडे गेला, तिला आपणच सांगावं म्हणून. ती खाली येऊन गाडीभोवती सावकाश फिरली. रेघांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. पुढची दोन वेगळी आहेत, तर गाडी एका बाजूला ओढते का, एवढंच विचारलं. त्याने रंगाचा आणि ओढण्याचा काही संबंध नसतो हे समजावलं. आत्या म्हणाली की हे चालवल्याशिवाय कसं कळणार, आणि हात पुढे केला.

तिने चाळीसेक वर्षांत ती गाडी चालवली नव्हती. जनार्दनने किल्ली दिली ती तिच्या चेहऱ्याकडे बघून. आत्याने सीट पुढे ओढली, चष्मा बदलला, सोसायटीत दोन फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीला गाडी फाटकातून बाहेर काढून दिसेनाशी केली. मागे पट्टा बांधलेली स्टेपनी तेवढी तिच्या सोबतीला होती. जनार्दन आवारात उभा राहिला. आत्याच्या यजमानांनी गॅलरीतून त्याला खुर्ची हवी का विचारलं. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. तो रस्त्यावर जाऊन बघून आला.

मग लांबून इंजिनचा आवाज आला आणि मगर फाटकातून आत शिरली, सरळ, एका दमात. आत्या उतरली. मागच्या सीटवर स्टेपनीच्या मांडीवर एक पिशवी होती, ती तिने काढून घेतली. गाडी कुठेच ओढत नाही, असं तिने सांगितलं. तरसालीच्या बाजूला मेथी फार ताजी आली होती, म्हणून दोन जुड्या जास्त घेतल्या, एक स्नेहलताला दे.